दारापर्यंत नेणारी गाडी

सुभद्राच्या माहेरी गाडी जात नाही, हे रघुनाथ धुरीला तो मुलगी बघायला गेला त्या दिवसापासून ठाऊक होतं. एसटीतून उतरलं की आधी कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, तुडवायचा, मग घसरणीचा उतार, मग वहाळ, आणि वहाळापलीकडे आंबेदरा नावाची सात-आठ घरांची वाडी. वहाळात पाणी नसलं तरी धोंडे असतातच, गुडघ्याएवढे. रघूच्या वडिलांनी तेव्हा पाय धुता धुता म्हटलं होतं, "मुलगी पसंत आहे, पण या सासुरवाडीसाठी पाय राखून ठेव हो."

पाय राखले. दरवर्षी शिमग्याला दोघं जायची. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते, दारात थांबते, आणि माहेरवाशिणी ओटी भरतात. सुभद्राने दिवाळीला कधी साडी मागितली नाही, पण शिमग्याची रजा मात्र ती गणपतीपासूनच नवऱ्याच्या कानावर घालायची.

मग तिला धाप लागायला लागली. आधी डिलाईल रोडच्या चाळीचा तिसरा मजला चढताना, मग बाजारात, मग केस विंचरताना. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, यावर औषध नाही, जपायचं. प्राणवायू तयार करणारं मशीन घरात आलं आणि त्याची नळी सुभद्राच्या नाकाला लागली. नळी खाटेपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत पुरायची. तिथे तिचं जग संपलं.

दोन शिमगे हुकले. तिसरा यायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, ती म्हणाली, "अहो, यंदा मला एकदा न्या. पालखी दारात येईल तेव्हा मी दारात हवी."

"न्यायचं म्हणजे वहाळापासून पुढे कसं?" रघू म्हणाला. "माधव आणि वाडीतले चौघं खुर्चीत बसवून नेतील."

"खुर्चीत नाही."

एवढंच बोलली. पुढचं रघूला माहीत होतं. सुभद्रा चौदा वर्षांची असताना तिच्या वडिलांना असंच लाकडी खुर्चीला बांबू बांधून दवाखान्यात न्यायला काढलं होतं. कंदील धरून ती पुढे चालत होती. वहाळाच्या मधोमध मागच्या माणसाने हाक मारली, की आता घाई करू नका. तिथूनच खुर्ची फिरवली. त्या दिवसापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की खुर्चीतून उचललेला माणूस परत आपल्या पायांवर उभा राहत नाही. वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

रघू आयुष्यभर लोअर परळच्या ऑफिस इमारतींमधले एसी दुरुस्त करून नुकताच निवृत्त झाला होता. पाने-पकड हातात बसलेली होती. दादरच्या एका माणसाची चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी त्याने घेतली. विकत घेताना त्याने इंजिनाआधी खाली वाकून गाडीचं पोट बघितलं. मेहुण्याला, माधवला, निरोप धाडला. माधव कातळावर चढला, कारण वाडीत फोनला रेंज नाही, आणि मग वहाळातून काढलेलं चित्रण त्याने पाठवलं. प्रत्येक मोठ्या धोंड्याशेजारी त्याने आपला कोयता उभा धरला होता. कोयता किती लांब, तेही त्याने मोजून कळवलं. धोंडा कोयत्याच्या मुठीपर्यंत. गाडीचं पोट त्याच्याहून खाली.

"उचलावी लागेल," रघू म्हणाला.

गाडी उचलायचं सामान खोक्यांतून आलं. विकास, चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणाला, "काका, गणपतीच्या मांडवापर्यंत चौक तुमचा. फक्त नळाकडची वाट सोडा." रघूने नळाकडची वाट सोडली आणि चौकाच्या कोपऱ्यात जॅक लावला.

चाळीला तमाशा मिळाला. सगळ्यात पुढची खुर्ची बुधाजीकाकांची. ते मालवणचे, मिलमधून सुटले त्याला जमाना झाला, पण जीभ अजून मिलच्या साच्यासारखी खडखडत होती.

"रघ्या, ह्या काय करतंस? सरळ घोडो घेवन जा."

"घोड्याला मशीन कुठे लावू, बुधाजीकाका?"

गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले, कमानीसारखे. ते काढून जास्त कमानीचे जाड पाटे बसवायचे होते. पाटे आवळणारे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रघूने त्यांच्यावर गंज सोडवायचं औषध मारून रात्रभर भिजत ठेवले, सकाळी पान्याच्या दांड्याला हातभर लांब पाइप घातला आणि जोर लावला. नट ढिम्म. शेवटी बुधाजीकाका उठले आणि पाइपाच्या टोकावर चक्क बसले. कर्र्र असा आवाज झाला आणि नट सुटला. काका खाली बसले ते बसलेच.

"मिल सुटली," वरून, तिसऱ्या मजल्यावरून, सुभद्राने हाक दिली, "पण काकांचं वजन नाही सुटलं!"

चौक हसला. एवढं वाक्य बोलायला तिला मध्ये तीनदा थांबावं लागलं होतं, ते खाली कोणाला कळलं नाही. रघूला कळलं.

पाटे बसले. धक्के झेलणारे लांब शॉकअप बसले. इंजिनाखाली जाड लोखंडी पत्रा बसला, धोंडा घासला तर घासू दे म्हणून. मोठी, खडबडीत चाकं आली. वहाळात पाणी असलंच तर इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून काचेच्या कडेने वर जाणारी काळी नळी बसवायची होती. त्यासाठी चांगल्या पत्र्याला भोक पाडावं लागतं. रघू ड्रिल हातात धरून बराच वेळ उभा राहिला. आपल्या घरातही नाकाला नळी आहे, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ड्रिल दाबलं.

"गाडयेक सोंड लायलंस?" बुधाजीकाका म्हणाले. "आता मोदक कोण घालतलो?"

सगळ्यात जीव लावून त्याने केलं ते मागच्या सीटखालचं काम. दुसरी बॅटरी, तिला इन्व्हर्टर, आणि त्यावर सुभद्राचं मशीन. त्या दिवशी त्याने मशीन खाली आणून गाडीत लावलं, आणि वर सुभद्रा तेवढा वेळ छोट्या सिलिंडरच्या हवेवर होती. दुपारभर मशीन गाडीत घुरघुरत राहिलं. रघू चौकातून ओरडला, "चालतंय गं!" सुभद्राने वरून नुसता हात हलवला.

राहता राहिला फूटबोर्ड. दाराखाली गाडीच्या दोन्ही अंगाला लांब पायरी असते, चढताना पाय ठेवायला. उचललेल्या गाडीतही ती खाली लोंबत होती. धोंड्याला सगळ्यात आधी तीच लागणार. रघूने दोन्ही फूटबोर्ड उतरवले, गोणपाटात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

वरून सुभद्रा बघत होती. तो जेवायला आल्यावर तिने विचारलं, "ती पायरी का काढली?"

"धोंड्याला लागेल."

"मग मी चढायचं कसं?"

"मी आहे ना," रघू म्हणाला आणि भातावर आमटी ओतून घेतली.

बोलायला श्वास लागतो, आणि ती आता श्वास बघून बोलायची.

मुलगी आकांक्षा ठाण्याहून रविवारी यायची. चौकातली गाडी बघून तिचा चेहरा पडायचा. "बाबा, अशी बदललेली गाडी आरटीओवाल्यांनी अडवली तर? आणि आईची ऑक्सिजनची लेव्हल बघताय ना तुम्ही? बसल्या बसल्या खाली येते. बारा तासांचा प्रवास झेपेल का तिला?"

"तिला जायचंय."

"तिला जायचंय, की तुम्हाला न्यायचंय?"

रघूला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरात बसलं की सुभद्राच्या छातीचा भाता ऐकू यायचा. चौकात गाडीखाली उताणं पडलं की नट दिसायचे, आणि नट आवळला की आवळला जायचा.

गाडी तपासायला मुंबईत वहाळ कुठून आणायचा? जवळच एक पाडलेली इमारत होती, तिच्या राडारोड्याचा डोंगर झाला होता. रघूने राखणदाराला चहा पाजला आणि गाडी त्या ढिगावर चढवली. सिमेंटचे तुकडे चाकांखाली फुटले, गाडी एका अंगाला कलली, पत्रा एकदा खरवडला, आणि ती वर उभी राहिली. तिथून त्याला आपली चाळ दिसत होती. त्याने आपली गॅलरी शोधली. तिथे वाळत घातलेलं पातळ होतं, सुभद्रा नव्हती. आता ती दुपारी उठत नसे.

शिमग्याच्या दोन दिवस आधी, पहाटे निघायचं ठरलं. आकांक्षा आदल्या रात्रीच आली होती. ती वाद घालायची थांबली होती, याचाच रघूला जास्त धसका बसला. पिशवीत ओटीचा खण, नारळ, तांदूळ, वाडीतल्या देवासाठी पेढे. सुभद्राने हिरवं पातळ नेसून घेतलं, नेसताना दोनदा बसली. विकासने सिलिंडर खांद्याला अडकवला आणि सगळे जिन्याशी आले.

रघूने वहाळ मोजला होता, धोंडे मोजले होते, गाडीचं पोट मोजलं होतं. त्याच्या डोक्यात वाट एसटीच्या थांब्यापासून सुरू होत होती. ती इथून, या लाकडी उभ्या जिन्यापासून सुरू होते, हे जिन्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं. गेल्या कित्येक महिन्यांत ती खाली उतरली नव्हती. डॉक्टरच घरी येत होते.

ती एकेक पायरी बसत उतरली. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते. बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघून आकांक्षा म्हणाली, "बास. पुढे नाही." दारं उघडून लोक बाहेर आले. कोणीतरी न सांगता मंडळाची लाल प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. लोकांना वाटलं मदत केली. मदतच होती ती.

सुभद्राने खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली.

"फक्त खालपर्यंत," रघू म्हणाला. "खाली गाडी आहे. गाडीत बसलीस की सुटलीस. फक्त खालपर्यंत, सुभद्रा."

तिने त्याच्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांत तिने त्याचं ऐकलं नाही असं क्वचितच झालं होतं, आणि त्याने तिच्याकडे असं तोंड करून मागितलं असंही क्वचितच. ती बसली. विकास आणि आणखी तिघांनी खुर्ची उचलली. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि ते चौकात येईपर्यंत उघडले नाहीत.

गाडीचं दार उघडलेलं होतं. आत मशीन सुरू करून ठेवलं होतं. रघू म्हणाला, "चल." तिने दाराचा दांडा धरला, उभी राहिली आणि पाय उचलला. पाय जिथे ठेवायचा तिथे काही नव्हतं. दाराची खालची कड तिच्या मांडीपर्यंत येत होती. पाय हवेत फिरला आणि खाली आला.

कोणीतरी स्टूल आणलं. स्टुलावर चढणंही चढणंच. तिने एक पाय ठेवला, दुसरा उचलताना स्टूल डुगडुगलं. रघूने तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला बघितलं. छातीवर दाब आला आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की त्याने हात सोडले. विकासने धरली म्हणून ती पडली नाही.

"बाबा!" आकांक्षा ओरडली. "बास आता! बास!"

सुभद्राला परत खुर्चीत बसवलं. मग तिने हाताने रघूला जवळ बोलावलं. तो वाकला.

"उंच केलीत हो फार," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. "वर न्या मला."

तिला खुर्चीतूनच वर नेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "पालखी आली असेल दारात." रघूने माधवला फोन लावला. लागला नाही. पालखी वाडीत असताना माधव कातळावर कशाला येईल? तो दारातच असणार. तिने उशाशी ठेवलेला खण हाताने चाचपला आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. चैत्र लागायच्या आत गेली.

माहेरचं लुगडं यायला उशीर झाला. सवाष्ण बाईला माहेरचं लुगडं नेसवून न्यायचं असतं. माधवपर्यंत निरोप पोचून तो निघेपर्यंत इथे थांबणं शक्य नव्हतं. शेजारच्या शेवंतीबाईंनी आपल्या कपाटातली कोरी हिरवी साडी दिली आणि त्यावरच भागवलं. माधव दुसऱ्या दिवशी आला, पिशवीत घडी घातलेलं लुगडं घेऊन. ते कोणाच्या हातात द्यायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते रघूच्या मांडीवर ठेवलं.

बाराव्याला लोक जेवून गेल्यावर दोघं चौकात येऊन बसले. माधव गाडीकडे बघत होता. त्याने वाकून खालचा पत्रा बघितला, चाकाला हात लावला.

"ही वहाळ पार करील, भावोजी."

"हो."

"धोंड्यावरून सहज जाईल."

"हो."

माधव साधा माणूस, मनात येईल ते बोलणारा. चाकावरचा हात काढत म्हणाला, "आक्काला मी पण म्हटलं होतं. सड्यापर्यंत कशीही या, पुढे आम्ही चौघं आहोत, खुर्ची आहे. अलगद नेली असती. दारात पालखीसमोर ठेवली असती."

"ती खुर्चीत बसली नसती."

"तुमच्याकडे बसलीच की," माधव म्हणाला.

त्याला टोचायचं नव्हतं. तो गाडीकडे बघतच बोलला आणि मग तंबाखूची पुडी काढून मळायला लागला. एकच गोष्ट तिने आयुष्यात नको म्हणून सांगितली होती. ती तिने केली, ती त्याच्यासाठी, आणि ती करून पोचली कुठे, तर चौकापर्यंत.

माधव गावी गेला. आकांक्षा म्हणाली, "बाबा, ठाण्याला चला." तो म्हणाला, बघू. प्राणवायूचं मशीन ज्यांचं होतं ते घेऊन गेले. खोलीत नळीचं वेटोळं राहिलं होतं, ते त्याने खिळ्याला अडकवलं.

मग एका सकाळी रघूने जॅक काढला. गाडीच्या मागे गेला, चाकं उतरवली आणि बोल्ट सोडायला घेतले. या वेळी ते पटकन सुटले, त्यानेच ग्रीस लावून बसवले होते. बुधाजीकाका खुर्ची घेऊन आले, पण नेहमीसारखे पुढे नाही बसले, भिंतीला टेकून बसले.

"काय रे, रघ्या? गाडी इकतलंस?"

"नाही."

"मगे?"

रघूने पुढचा बोल्ट सोडायला घेतला. दिवसभर काम चाललं. उंच पाटे निघाले, जुने परत चढले. लांब शॉकअप निघाले. मोठी चाकं निघून भिंतीला लागली. गाडी जॅकवरून उतरवली तेव्हा ती हळूहळू खाली बसली, म्हैस बसते तशी. आता ती वहाळ पार करणार नव्हती. उताराच्या तोंडाशी गेली तरी पुष्कळ. सोंड तेवढी राहिली, कारण ती काढली तर पत्र्याला भोक उरलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर चढला. गोणपाट झटकलं. फूटबोर्डवर जराही गंज नव्हता. तो खाली येऊन गाडीशेजारी आडवा झाला आणि दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड बसवले. चार चार बोल्ट. एवढंच काम होतं. जेवायला वर जाऊन येईपर्यंत झालं असतं, इतकं.

उठून त्याने हात पुसले, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "काका, बसून बघा."

"मी?"

"बसून बघा जरा."

बुधाजीकाका काठी टेकत आले. ऐंशीचे, गुडघे गेलेले. एक पाय फूटबोर्डवर ठेवला, दांडा धरला, दुसरा पाय आत घेतला आणि सीटवर टेकले. धापही लागली नाही.

"सोपा आसा रे," ते म्हणाले. "काय्येक त्रास नाय. अगदीच सो—"

आणि मध्येच थांबले. पुढे बघत काचेपाशी बसून राहिले. उतरावं की नाही, ते त्यांना सुचेना.

रघू दार धरून उभा होता. मग तो खाली बसला, उताणा झाला, गाडीखाली सरकला, आणि आवळून झालेल्या बोल्टला पुन्हा पाना लावला.